पाण्याची सरळ रेघ

उस्तादांना आयुष्यभर एकाच गोष्टीची भीती वाटत आली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्याच हातांनी बनवलेली असायची. बॉयलरची. बत्तीस वर्षं ते बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होते. तिथली एक जुनी रीत होती. नवा बॉयलर पहिल्यांदा पेटवला की ज्याने त्याचे जोड मारले त्याने त्याच्यासमोर उभं राहायचं, प्रेशर पुरतं चढेपर्यंत. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. साहेबलोक भिंतीपलीकडे, वेल्डर अलीकडे.

पहिल्या खेपेला उस्तादांचे गुडघे इतके लटपटले की शेजारच्याने त्यांना पाठीमागून पट्ट्याला धरून ठेवलं होतं. पुढे लटपट दिसेनाशी झाली, एवढंच. भीती होती तिथेच होती. पण त्या भीतीत एक सोय होती. ती तासाभराची होती. काटा चढला, वाफ सुटली, पाठीवर थाप पडली की संपलं. बॉयलर ट्रकवर चढायचा आणि गेटबाहेर गेला की ज्याने विकत घेतला त्याचा व्हायचा. उस्ताद घरी येऊन दोन घास खायचे आणि ढाराढूर झोपायचे.

मग एके दिवशी कंपनीने बॉयलर विकणंच बंद केलं.

"गिऱ्हाइकाला बॉयलर कुठे हवाय?" सभेत एका सूटवाल्याने सगळ्यांना विचारलं. "त्याला हवीय वाफ! तर आता आपण वाफ विकणार. बॉयलर आपलाच. त्यांच्या जागेत आपण ठेवायचा, आपण चालवायचा, आपणच सांभाळायचा. त्यांनी फक्त नळ सोडायचा."

टाळ्या कडाडल्या. उस्तादांनीही वाजवल्या, पण वाजवता वाजवता ते मनात मोजू लागले. बॉयलर आपलाच म्हणजे तो गेटबाहेर गेला तरी गेला नाही. आधी विकलेलेही परत ताब्यात घेऊन बावन्न बॉयलर बावन्न ठिकाणी, रात्रंदिवस, आणि सगळे आपले. बाकीचे लोक नोकऱ्यांचं काय होणार म्हणून घाबरले होते. उस्तादांना मात्र आपण आता झोपणार कधी, याचीच धास्ती पडली.

नोकरी गेली नाही. दोन-तीन वर्षांत वेल्डिंगचं खातं निम्म्यावर आलं आणि उस्तादांना सेवा विभागात टाकलं. तिथे आधी महिनाभर शिकायचं होतं, कंट्रोल रूममध्ये बसून. शिकवायला होती त्यांचीच लेक.

लेक दोन वर्षांपासून तिथे कामाला होती. गार हवेची, गालिचा घातलेली खोली, त्यात भिंतभर स्क्रीन आणि स्क्रीनवर बावन्न चौकोन. प्रत्येक चौकोनात एक बॉयलर म्हणजे चार आकडे आणि एक निळी रेघ. ती रेघ पाण्याची. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते ती सांगायची. उस्ताद बूट दाराबाहेर काढून आत आले तेव्हा पोरं गालातल्या गालात हसली.

"बाबा, बूट चालतात इथे," लेक म्हणाली.

"चालत असतील. माझ्या बुटांना नाही चालत," उस्ताद म्हणाले आणि मोज्यांवरच खुर्चीत टेकले.

खोलीचे प्रमुख होते त्यांना सगळे पाठीमागे 'गॅरंटी साहेब' म्हणत. वाफ एक क्षणही थांबणार नाही अशी गॅरंटी कंपनीने प्रत्येक करारात दिली होती, आणि साहेब तिची दिवसातून दहा वेळा सगळ्यांना आठवण करून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. वय पस्तिशीचं, पण केस पन्नाशीचे झाले होते.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. लेक शिकवायची, उस्ताद मान डोलवायचे. बॉयलर बघायचा तर त्याचा वास यावा, अंगाला झळ लागावी, पायाखाली जमीन थरथरावी. इथे काय, निळ्या रेघा! त्या मात्र त्यांना बऱ्या वाटायच्या. एकही सरळ नव्हती. सगळ्या आपल्या बारीक बारीक थरथरत होत्या. उकळतं पाणी कधी स्वस्थ बसतं थोडंच!

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लेक कौतुकाने म्हणाली, "बाबा, आता हा सतरा नंबर बघा. आमचा सगळ्यात शहाणा बॉयलर. महिनाभरात शांत शांत होत गेलाय. आज तर बघा, पट्टीने आखल्यासारखी रेघ!"

सतरा नंबर म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर. तो उस्तादांनीच बांधलेला होता आणि त्याच्यासमोर ते तासभर उभेही राहिले होते. त्याच धुलाईघरात त्यांचा मेहुणा एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळत आला होता. लेकीचा मामा म्हणून सगळं धुलाईघर त्याला मामाच म्हणायचं. बॉयलर कंपनीच्या ताब्यात गेला, सेन्सर बसले, आणि मामाचं काम संपलं. इस्पितळाने त्याला घालवलं नाही, चादरींचे गठ्ठे उचलायला ठेवून घेतलं. पण मामाचा हात गप्प बसेना. बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी दिसतं. रोज सकाळी खालची चावी उघडून ती नळी धुवायची, म्हणजे पाणी भस्सकन खाली जातं आणि चावी मिटली की आपसूक वर येतं. तसं आलं की समजायचं, काच खरं बोलतेय. एकोणीस वर्षांत एक सकाळ मामाने चुकवली नव्हती, आणि काम गेल्यावरही चुकवेना.

घोटाळा असा होता की सेन्सर त्याच नळीशेजारी, तिला बॉयलरशी जोडणाऱ्या वरच्या-खालच्या पाइपांवर बसवलेला होता. मामाने काच धुतली की इथे रेघ धाडकन पडायची, भोंगा वाजायचा आणि आग आपोआप बंद व्हायची. दोनदा झालं, तीनदा झालं. एकदा शस्त्रक्रियेच्या चादरी ओल्याच राहिल्या आणि इस्पितळाची तक्रार वरपर्यंत गेली. लेकीला लेखी समज मिळाली, पुन्हा वाफ थांबली तर घरी बसा. तिने मामाला फोनवर हात जोडून सांगितलं. मामा म्हणाला, "बरं बाई, नाही धुत." दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा वाजला. शेवटी लेकीनेच बॉयलरच्या खोलीला कुलूप लावून घेतलं आणि किल्ली कंपनीत मागवली. याला आता दीड महिना झाला होता. तेव्हापासून मामा भाचीशी बोलत नव्हता.

उस्ताद खुर्चीतून उठले आणि मोज्यांवर चालत स्क्रीनपाशी गेले.

"ही रेघ हलत का नाही?"

"तेच तर सांगतेय. स्थिर आहे."

"पाण्याचा पंप शेवटचा कधी लागला?"

लेकीने बोट फिरवलं. "दहा वाजून बावीस मिनिटांनी. हे बघा, हिरवं पान आलंय. पंप कमी चालला की येतं. वीजबचत."

"आणि एरवी किती वेळाने लागतो?"

"दर दहा-बारा मिनिटांनी." बोलता बोलता तिचा आवाज उतरला. घड्याळात अकराला चार मिनिटं कमी होती.

"वाफ चालूच आहे?"

"पूर्ण. इस्त्रीची यंत्रं सगळी चालू आहेत."

उस्तादांनी हिशेब केला. चौतीस मिनिटं वाफ निघून चालली होती, पाण्याचा थेंब आत गेला नव्हता आणि पाणी मात्र होतं तिथेच होतं. असं पाणी जगात नसतं. खालचा पाइप गाळाने बुजला होता. महिनाभर थोडाथोडा बुजत आला म्हणून रेघ शांत होत गेली, आणि आज पुरता बुजला. नळीत जे दिसत होतं ते अडकून पडलेलं पाणी होतं. त्याचा बॉयलरशी काही संबंध उरला नव्हता.

"धुराची उष्णता?" त्यांनी विचारलं.

"वाढलीय, पण हिरव्यातच आहे. बाबा, काय झालं?"

"आत पाणी नाही, पोरी."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती शिकलेली मुलगी होती, आणि अशा वेळी काय करायचं ते तिला पाठ होतं. टेबलावर काचेखाली कार्डच लावलेलं होतं. पाण्याबद्दल शंका आली तर पंप चालू करा. तिने झटकन हात पुढे केला.

उस्तादांनी आयुष्यात कधी लेकीवर हात उगारला नव्हता. त्यांनी तिचं मनगट असं आवळलं की ती कळवळली.

"पाणी नको!" ते ओरडले. खोलीतली सगळी डोकी वळली. "आतल्या नळ्या लालभडक झाल्या असतील. त्यांच्यावर पाणी पडलं तर एका क्षणात वाफ होईल. तेवढी वाफ मावायला जागा नाही. भिंत राहणार नाही, भिंतीपलीकडचं माणूस राहणार नाही."

"मग काय करू?"

"आग बंद कर. फक्त आग."

गॅरंटी साहेब धावत आले. त्यांनी चौकोनाकडे पाहिलं, उस्तादांच्या मोज्यांकडे पाहिलं आणि पुन्हा चौकोनाकडे.

"हिरवा आहे हो हा! सगळे आकडे हिरवे आहेत. सतरा नंबर पुन्हा बंद पडला तर इस्पितळ करार मोडणार, तसं पत्र आलंय. तुम्ही नुसत्या अंदाजाने..."

"साहेब, मी बांधलाय तो."

"माझी नोकरी जाईल," साहेब पुटपुटले. मग लेकीकडे बघून जरा हळू म्हणाले, "आधी तुमची जाईल."

लेकीने बापाकडे पाहिलं. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारताना तिने असंच पाहिलं होतं. मग तिने बटण दाबलं. चौकोन लाल झाला, भोंगा सुरू झाला आणि आग विझली.

आग विझली म्हणून नळ्या लगेच निवत नाहीत. उस्तादांनी मेहुण्याला फोन लावला. इस्त्रीच्या टेबलांवर बारा-तेरा बाया असायच्या, बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून. त्यांना आधी बाहेर काढायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला आधीचं काय नि मागचं काय याचं भान राहत नाही.

"अरे, सतराची रेघ सरळ झालीय," उस्ताद म्हणाले. "पाइप बुजलाय. काच खोटं..."

"मी काय सांगत होतो, दाजी!" पलीकडून मामा गरजला. दीड महिन्याचा राग होता तो. "बोंबलून बोंबलून घसा बसला माझा! किल्ली मागवून घेतली म्हणून काय झालं, दुसरी माझ्या खिशात आहे. रागाने वापरली नव्हती, एवढंच. थांबा, आत्ता जातो आणि काच धुतो!"

"नको! अरे ऐक..."

खडखड आवाज झाला. मामाने फोन टेबलावर ठेवला होता. तो बंद केलेला नव्हता, म्हणून इस्त्रीच्या यंत्रांची धडधड आणि बायांची बोलणी स्पष्ट ऐकू येत होती. उस्ताद त्या फोनमध्ये जीव खाऊन ओरडले. धडधडीत कुणाला ऐकू जाणार!

पुढचं सगळं त्यांना दिसलं. मामा चावी उघडणार, नळीतलं अडकलेलं पाणी वाहून जाणार, सेन्सर कोरडा पडणार. आणि सेन्सर कोरडा पडला की पंप कुणाला न विचारता आपोआप लागणार. लाल नळ्यांवर गार पाणी पडेल तेव्हा मामाचा हात चावीवर असेल.

"पंप बंद करा," ते म्हणाले. मग ओरडून म्हणाले, "पंप! कायमचा बंद करा. आत्ता!"

"माझं बटण नुसतं चालू करायचं!" लेक रडकुंडीला आली. "पंप बंद करायला साहेबांचा कोड लागतो."

तिथून धुलाईघर तासाभराच्या वाटेवर होतं. इस्त्रीच्या टेबलापासून बॉयलरच्या खोलीचं दार वळसा घालून चाळीस पावलांवर. मामा तरातरा चालणारा माणूस, रागात तर अजूनच. फोनमधून कुणीतरी बाई खळखळून हसल्याचं ऐकू आलं. कशाला हसली असेल ती, असं उस्तादांच्या मनात उगाच येऊन गेलं.

गॅरंटी साहेब जागच्या जागी खिळले होते.

"साहेब," लेक म्हणाली, "आत माझा मामा आहे. कुलूप मी लावलं होतं. मी लावलं होतं, साहेब!"

साहेबांनी घाम पुसला. "चार," ते म्हणाले. "चार... सात... थांबा. चार, सात, शून्य..." आणि अडले. रोज वापरायचा नसलेला आकडा ऐन वेळी कुणाला आठवतो! त्यांनी डोळे मिटले, बोटं हवेतच बटणं दाबत गेली आणि ओठांना जे सुचलं नाही ते बोटांना सुचलं. "चार, सात, शून्य, नऊ, एक, एक!"

लेकीने आकडे मारले. पंपाचं चिन्ह करडं झालं, आणि तिचं बोट उचललं जातंय न जातंय तोच निळी रेघ कड्यावरून पडावी तशी तळाला गेली.

पंपाचं चिन्ह उघडझाप करू लागलं. पाणी हवं, पाणी हवं. करडंच राहिलं. लागलं नाही.

उस्ताद रेघेकडे डोळे लावून बसले. चावी मिटली की पाणी वर येतं, एकोणीस वर्षं येत आलं होतं. रेघ वर आली नाही. ती तळाशी सरळ पडून राहिली. म्हणजे पाइप खरंच बुजला होता, रेघ खोटंच बोलत होती. आत्तापर्यंत निदान चूक असण्याची आशा होती, आता तीही गेली. फोनमधली यंत्रं एकेक करून थांबत गेली, कारण वाफ संपत आली होती. मग पावलं ऐकू आली.

"दाजी." मामाचा आवाज बारीक झाला होता. "काच कोरडी आहे. चावी मिटली तरी पाणी वर येत नाही. आणि बॉयलरच्या दाराच्या पत्र्याचा रंग उडून पापुद्रे सुटलेत. दाजी, मी त्याच्यासमोर उभा होतो."

"सगळ्यांना घेऊन बाहेर अंगणात जा," उस्ताद म्हणाले. "कशाला हात लावू नको. पळ."

मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि जमिनीवरच बसले. लेक त्यांच्या शेजारी बसली. गॅरंटी साहेबांनी स्वतःच्या हाताने दोघांना पाणी आणून दिलं, पण ते दोघांनाही पिववेना.

बॉयलर निवायला दोन दिवस गेले. उघडला तेव्हा खालच्या पाइपात वीतभर लांब, दगडासारखा गाळ निघाला. वरच्या नळ्या उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारख्या वाकल्या होत्या. उस्तादांनी त्या बदलल्या, तीन दिवस स्वतः जोड मारत. कंपनीने कुणालाच घरी बसवलं नाही. उलट एक नवं पत्रक निघालं. प्रत्येक बॉयलरपाशी सकाळी काच धुवायला माणूस हवा, आणि रेघ जास्त वेळ सरळ राहिली तरी भोंगा वाजायला हवा. टेबलाच्या काचेखालचं जुनं कार्ड लेकीने स्वतः काढून फाडलं. मामाच्या हातात खोलीची किल्ली तिनेच दिली. मामा म्हणाला, "माझ्याकडे आहे की दुसरी," आणि मग ही पण ठेवून घेतली.

सहाव्या दिवशी सतरा नंबर पुन्हा पेटवायचा ठरला. बाया अंगणात थांबल्या. गॅरंटी साहेब आले होते. ते दाराशी उभे राहिले, एक पाय आत आणि एक बाहेर. मामा काचेच्या चावीपाशी. उस्ताद रिवाजाप्रमाणे बॉयलरच्या समोर, हात पाठीमागे बांधून.

लेक आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"तू कशाला? तू नाही बांधलास."

"मी चालवते ना," ती म्हणाली.

आग पेटली. आत घरघर सुरू झाली आणि जमीन हलकेच थरथरू लागली. तिने पाहिलेले बॉयलर सगळे स्क्रीनवरचे होते. त्याची झळ तोंडावर येते, आणि तो आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो, हे तिला माहीत नव्हतं. तिचे गुडघे लटपटले. उस्तादांनी पाठीमागून तिच्या ओढणीला धरून ठेवलं. मामाने चावी उघडली. काचेतलं पाणी भस्सकन खाली गेलं, आणि ते वर येईपर्यंत तिघांपैकी कुणी श्वास घेतला नाही. पाणी आलं आणि थरथरत राहिलं.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "किती वेळ उभं राहायचं असतं?"

प्रत्येक नव्या वेल्डरने हाच प्रश्न विचारला होता आणि उस्तादांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं. तासभर. ते तोंडावर आलंही. पण हा बॉयलर ट्रकवर चढणार नव्हता, कुणाच्या गेटबाहेर जाणार नव्हता, कुणाचा होणार नव्हता. उद्याही तो आपलाच होता, आणि परवाही.

"मला नाही सांगता येत गं," उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी ओढणी सोडली नाही.